भट्टी वर्देला का दिली

लिहून ठेवते मी, अफीफे, खूरी मिखाइल राद यांची विधवा, राहणार ऐन अल-जौझ, की माझी बुद्धी शाबूत आहे, जीभ त्याहून शाबूत आहे, आणि कोणाचाही दाब नसताना मी माझ्यामागची व्यवस्था करते आहे. (खूरी म्हणजे आमचे पाद्री. कॅनडातल्या नातवंडांसाठी पुन्हा सांगते, आमच्या मारोनी पंथात संसारी माणसालाही दीक्षा मिळते.)

राहतं घर मुलगा तनूस याला. अंजिराचं झाड तोडलं, तर घर मर्ताचं.

मुलगी मर्ता हिला बँकेत उरलं असेल ते; बँक उरली असेल तर.

गुलाबपाणी गाळायची तांब्याची भट्टी शेजारीण वर्दे हिला. तनूस कपाळाला आठ्या घालील, म्हणून कारण नोंदवते.

ही भट्टी एका वसंतात चोरीला गेली. वर्देनेच नेली, असं मी गावभर सांगितलं. खूरींपाशी सगळं गाव पापनिवेदन करायचं (पाद्र्याने ते कोणालाही सांगायचं नसतं), तेव्हा त्यांना चोर ठाऊक असणारच. मी विचारलं, "अहो, कोणी नेली?"

"ठाऊक असलं तरी आणि नसलं तरी उत्तर एकच. जेवायला वाढ."

मी अबोला धरला. ईस्टर जवळ आला, म्हणजे पापनिवेदन आलंच. नवऱ्यापुढे पापं कुठे सांगायची, म्हणून मी वरच्या मठातले म्हातारे पाद्री, अबूना इलियास, यांच्याकडे गेले आणि वर्देचं सगळं सांगितलं.

म्हातारा म्हणाला, "बाई, हे वर्देचं झालं. तुझं काय?"

मग मी माझं सांगितलं, डोळ्यांनी न पाहताच तिला चोर ठरवल्याचं, आणि रडले. प्रायश्चित्त मिळालं ते असं: वर्देची माफी माग, आणि कॉफी घेतल्याशिवाय उठू नकोस. डोंगर उतरताना मला कडकडून भूक लागली. कित्येक दिवसांत लागली नव्हती.

वर्देने मला दारात उभं ठेवलं. मग म्हणाली, "बस. बिनसाखरेची देते. साखर तुझ्यावर वाया घालवणार नाही."

पुढे एका पहाटे भट्टी देवळाच्या पायरीवर सापडली, घासूनपुसून. या खेपेला मी खूरींना काही विचारलं नाही. जेवायला वाढलं.

ते गेले तेव्हा गाव रडलं. पण आपलं गुपित त्यांच्याबरोबर गाडलं गेलं म्हणून हायसं वाटलेला चेहरा मला दिसला नाही. गावाची ओझी केव्हाच उतरली होती.

या कागदावर वर्देची साक्ष घेणार होते. वकील म्हणाले, जिला वस्तू मिळणार तिची सही चालत नाही.

वर्दे म्हणाली, "सही कोणीही करील. भट्टी कधी देतेस?"

"मी मेल्यावर."

"मग घाई नाही."

साक्षीदार: हन्ना फारेस, सुतार. जोसेफिन अक्ल, शिक्षिका.
सही: अफीफे राद
ऐन अल-जौझ, क्रुसाचा सण, १४ सप्टेंबर २०२१