दीपगृहावर जाऊन आलो

थोरलीच्या आईस आशीर्वाद.

मी ठीक आहे, गोळ्या वेळेवर घेतो. तुझा गुडघा कसा आहे? आपला धाकटा रंगकाम करताना जिथून पडला, ते दीपगृह काल बघून आलो. तू बघून यायला सांगितलं होतंस.

टॅक्सीवाले तिकडे येत नाहीत. एक जण म्हणाला, "आजोबा, तिथून परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही." मग बसने गेलो. दर थांब्यावर मी विचारायचो, आलं का. कंडक्टरने शेवटी मला आपल्याजवळच बसवलं. "शेवटचा थांबा आहे काका, झोपलात तरी चुकणार नाही." तरी मी घाबरून एक थांबा आधीच उतरलो आणि मैलभर चाललो. पाय दुखले नाहीत.

दीपगृह पांढरं आहे. वरचा लाल पट्टा अर्धाच रंगवलेला आहे, पुढे कोणी हात लावलेला नाही. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. रडू आलं नाही, काहीच वाटलं नाही. असं होतं का गं?

तू सांगितलेलं तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "जेवला होता की. माझ्याशेजारीच बसला होता. स्वतःचा डबा संपवून माझ्यातलंही मागून घेतलं."

थोरलीने कळवलंय, तो उपाशी गेला म्हणून तू ताट पुढे घेऊन नुसती बसतेस. तो उपाशी गेला नाही. आता तू जेव.

थोरलीचे बाबा