तक्रार नाही

सांगली,
२० नोव्हेंबर १९७७

तीर्थरूप नाथाजी तात्यांच्या सेवेशी,
पुतण्या आकारामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचलो. काकीच्या चकल्या होस्टेलच्या दारातच लुटल्या गेल्या, माझ्या वाट्याला डब्याच्या तळाचा भुगा आला. फराळ कसा झाला होता ते मित्रांना विचारून कळवतो.

आता कामाचं. जानेवारीअखेर आमच्या कॉलेजात परिषद आहे. डॉक्टरांची यंत्रं आणि अधू शरीराला आधार देणारी साधनं असा विषय; त्याला बायोमेडिकल इंजिनियरिंग म्हणतात. गंमत म्हणजे ती भरवणार आम्ही विद्यार्थीच, मास्तर लोक पाहुण्यासारखे पुढच्या रांगेत बसणार. पुण्यामुंबईची पोरं आणि मिरजेचे डॉक्टर येतील. प्रत्येक गटानं आपली वस्तू खऱ्या माणसावर वापरून दाखवायची, असा नियम केला आहे; त्यावरच परीक्षक मार्क देणार आणि बक्षीस ठरवणार. आमची वस्तू, म्हणजे नकली पाय, दिवाळीत तुम्हाला बसवून आलोच आहे.

एकाहत्तरच्या लढाईत पाय गमावून तुम्ही घरी आलात, तेव्हापासून बघतो. फौजेनं दिलेल्या पायावर चालता येतं, पण खाली मांडी घालून बसता येत नाही. आमचा पाय घोट्यात वळतो, म्हणून बसता येईल. मात्र त्याची वाटी, म्हणजे गुडघ्याखालचा उरलेला पाय जिच्यात बसतो ती, आम्ही पहिल्यांदाच केली आहे. कुठं टोचतं, कातडी लाल होते का, ते कळवत जा. तुम्हाला साखरेचा आजार, जखम लवकर भरत नाही. दुखलं की पाय काढून ठेवा आणि मला लिहा.

काकीस नमस्कार. विजयमालेला म्हणावं, मास्तरीण होण्याआधीच घरात छडी चालवू नकोस. माया आहे ती अशीच राहो.

आपला
आकाराम

*

रहिमतपूर,
४ डिसेंबर १९७७

चि. आकाराम यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाय फर्स्ट क्लास आहे.

मागल्या आठवड्यात लीलाबाईच्या लेकीचं लग्न झालं. इतकी वर्षं पंगतीत मला कडेला खुर्ची टाकून देत. सगळा गाव खाली आणि मी एकटा वर, तपासणीला आलेल्या मामलेदारासारखा. या वेळी खुर्ची सारली आणि भाऊसोच्या मांडीला मांडी लावून बसलो. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा आमटी तिखट आहे असं सांगितलं. तुझी काकी म्हणाली, व्हय, ज्यानं चाखली न्हाई त्यालाच तिखट लागायची.

तक्रार काही नाही. एक विचारायचं होतं. ही माझी पत्रं तुझे परीक्षक वाचणार आहेत का? म्हणजे त्या बेतानं लिहीन.

जपून राहा. जीव तुझ्याकडे लागलेला असतो.

नाथाजी

*

सांगली,
१७ डिसेंबर १९७७

तीर्थरूप तात्यांस आकारामचा सा. न. वि. वि.

परीक्षकांचं विचारता, तर तुमचं पत्र मी परिषदेच्या समितीपुढं मोठ्यानं वाचलं. पंगतीचा मजकूर आला तशी दंगा करणारी पोरंही पुढं सरकून ऐकू लागली.

दुसऱ्या गटाची फजिती ऐका. त्यांनी कानाला लावायचं यंत्र केलं आणि इथल्याच एका पेन्शनर आजोबांना दिलं. आजोबांनी इतकी गाऱ्हाणी सांगितली, की समितीनं ते यंत्र यादीतून काढून टाकलं. दोन वर्षांची मेहनत पाण्यात. पोरं तोंड पाडून बसली आहेत. आमचा हवालदार मात्र तक्रार नाही असं लिहितो, म्हणून आमची कॉलर ताठ आहे.

सत्तावीस जानेवारीला काकीला घेऊन या. अठ्ठावीसला सगळ्यांसमोर चालायचं, मांडी घालून बसायचं आणि उठायचं. आशीर्वाद असावा.

आकाराम

*

रहिमतपूर,
६ जानेवारी १९७८

ती. आकारामदादास विजयमालाचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र तात्यांच्या नकळत लिहिते आहे. ते हल्ली रानात जात नाहीत. सकाळी पाय चढवतात आणि दिवसभर सोप्यात बसून राहतात. कोणी आलं की मात्र उठून चालून दाखवतात. वाटीच्या आत घालायचा मोजा गोठ्यामागं स्वतः धुतात, आईला हात लावू देत नाहीत. काल ती म्हणाली, आवं, वाईच दावा तरी काय झालंय त्ये. त्यावर असे ओरडले, की दावणीची बैलं बुजली. मला म्हणाले, त्याला काय लिवशील तर याद राख, पोराची परीक्षा हाय.

दादा, मोज्याला हळदीचा वास येतो आणि हळदीखाली आणखी एक येतो. मला फार भीती वाटते. संक्रांतीला एक दिवस ये. तू पाय काढा म्हणालास तर ते काढतील, आमचं ऐकत नाहीत. एवढं केलंस तर जन्मभर तुझी थट्टा करणार नाही.

तुझी
विजयमाला

*

सांगली,
१३ जानेवारी १९७८

चि. विजयमालास आशीर्वाद.

संक्रांतीला येणं जमत नाही. मांडव, पाहुण्यांच्या गाद्या, सायक्लोस्टाइलवर काढायचे निबंध, सगळं आमच्याच डोक्यावर. शाई नाकापर्यंत आली आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तात्यांना सरळ विचारलं. त्यांचं उत्तर आलं आहे. लिहितात, पोरगी भित्री आहे, कातडी निबर होईपर्यंत थोडं लागायचंच, आणि परेडच्या दिवशी आजारी पडणारा जवान मला कधी आवडला नाही. आता मी काय समजायचं? आजवर ते माझ्याशी खोटं बोललेले नाहीत. सत्तावीसला येतील तेव्हा स्वतः बघेन. तोवर धीर धर. तिळगूळ पाठवतो, घे आणि गोड बोल.

दादा

*

मिरज,
२ फेब्रुवारी १९७८

चि. विजयमालास.

तारेत फक्त तात्यांना दवाखान्यात ठेवलं एवढंच कळवलं होतं. बाकीचं तुला सांगायला हवं.

सत्तावीसला ते दोघं आले तेव्हा मी स्टेशनवर पुण्याच्या पाहुण्यांना घ्यायला गेलो होतो. पाय बघायचा राहिला. राहिला असं लिहिलं, पण ते खरं नाही. संध्याकाळी तात्यांशेजारी बसून चहा प्यायलो, आणि तरी बघितला नाही. बघितला असता तर उद्याचं काय, हा विचार मनात होता.

दुसऱ्या दिवशी ते व्यासपीठावर आले. फेटा, छातीवर पदकं. हात न टेकता मांडी घालून बसले आणि हात न टेकता उठले. टाळ्या थांबेनात. एका सर्जननी विचारलं, दुखतं का? तात्या ताठ उभे राहून म्हणाले, फर्स्ट क्लास, साहेब. मग पडद्यामागं आले आणि माझ्या अंगावर कोसळले.

पाय काढला, पण मोजा निघेना. तो कातडीला चिकटला होता. वास आला तशी माझ्याबरोबरची पोरं बाहेर पळाली. तसंच मिरजेला आणलं. सडण वर चढली होती. परवा गुडघ्याच्या वर कापावं लागलं. आता जिवाचा धोका टळला असं डॉक्टर म्हणतात. काकी खाटेजवळ बसून आहे. मी जवळ गेलो की ती पाठ फिरवते.

परिषदेत आमच्या पायाला पहिलं बक्षीस मिळालं.

आकाराम

*

रहिमतपूर,
१० फेब्रुवारी १९७८

दादा,

मायना लिहीत नाही, सुचत नाही.

तुझ्याकडे दोन पत्रं आली होती, एक माझं आणि एक तात्यांचं. तुला जे सोयीचं होतं त्यावर तू विश्वास ठेवलास. मला हळदीखालचा वास येत होता. मी इंजिनियर नाही, पण मला नाक होतं. तात्यांना घरी आणताना तू बरोबर येऊ नकोस. आईला अजून तुझ्याकडे बघवत नाही, आणि मलाही नाही.

विजयमाला

*

रहिमतपूर,
२ एप्रिल १९७८

चि. आकाराम यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बक्षीस परत केलंस ते बरं केलंस. पायाचा साचा फोडून टाकलास ते मात्र गाढवपण केलंस.

तात्या, तुम्ही खोटं का लिहिलंत, असं विचारतोस. मला वाटलं, तुझी परीक्षा आहे आणि मार्क माझ्या हातात आहेत. एका म्हाताऱ्यानं गाऱ्हाणी सांगून पोरांचं यंत्र बुडवलं, हे तूच लिहिलं होतंस. तुझा बाप गेल्यावर तुला खांद्यावर घेतलं, ते काय असं बुडवायला? आणि बाकी सोड, मला ती खुर्ची परत नको होती.

आता खरं सांगतो, लिहून घे. वाटीची कड आतल्या बाजूनं हाडाच्या टोकाला घासायची. पहिल्याच आठवड्यात फोड आला. घाम आला की आतलं चामडं चिकटायचं. खालून उठताना सगळा भार त्याच जागी यायचा. लीलाबाईच्या लेकीच्या लग्नात पंगतीतून उठलो, तेव्हा मोजा रक्तानं भिजला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं.

पण मांडी घालून बसलो ते खरं होतं. तेवढं तुझं काम खोटं नव्हतं. म्हणून साचा पुन्हा कर.

मला तसला पाय आता लागायचा नाही, गुडघाच राहिला नाही. मिरजेला माझ्या शेजारच्या खाटेवर गुंडा नावाचा जतचा धनगर होता. ट्रकखाली पाय गेला, पण गुडघा शाबूत आहे. तोंडाचा महा फटकळ. पेज खारट झाली तरी वॉर्ड डोक्यावर घ्यायचा, अर्ध्या शिव्या मराठीत आणि अर्ध्या कानडीत. त्याला तो पाय लाव. तुझ्या पास-नापासाचं त्याला सोयरसुतक नाही. टोचलं की त्याच क्षणी तुझ्या सात पिढ्या उद्धरील, त्यात मीही आलो. सगळं ऐकून घे, आणि पाय काढून बघ.

मी तुझा कोणी नसतो, तर मीही तुला शिव्याच दिल्या असत्या, आणि आज घरात सगळ्यांबरोबर खाली जेवायला बसलो असतो.

विजयमालेचा राग जाईल तेव्हा जाईल, तू पत्र लिहिणं सोडू नकोस. माझी माया कमी झाली असं मनात आणू नकोस.

तुझा
नाथाजी तात्या