दुसऱ्या तळघरातल्या पाच प्रेतांबद्दल

सांगली,
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

सौ. विजयमाला हिस सप्रेम जय जिनेंद्र.

रविवार, दिनांक १७ ऑगस्ट, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटे. ही वेळ मुद्दाम सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण पुढे तू म्हणशील की तेव्हा आम्ही गच्चीवर हवा खात होतो. नव्हता. त्या वेळी मी स्वयंपाकघरात जेवत होते आणि तू माझ्या खुर्चीत बसली होतीस. बाकी पत्राची रीत म्हणून विचारते : तुझी पाठ कशी आहे? तुझे लालासाहेब डोळ्यांत थेंब वेळेवर घालतात ना? (मिरजेच्या डॉक्टरांनी म्हणे त्यांना सांगितलं, लांबचं अगदी स्वच्छ दिसतंय. जवळचं दिसत नाही, हे तुम्ही आमच्याकडे मुक्कामाला होतात तेव्हा मी स्वतः पाहिलं.) औंधला सगळे सुखरूप असतील. आमच्याकडे पाच जण मेले आहेत. त्यात एक मी आहे.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची भांडणं कानावर घेतल्यावर मी स्वतः फोनवर भांडत नाही. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस, "अगं गुणे, ऐक तर" म्हणत पुढे रेटतेस. कागदावर रेटता येत नाही.

तुला ठाऊक आहे, गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ब्राह्मीने तिचा जुना कॉम्प्युटर बंगळुरूहून पाठवला आणि त्यात हा खेळ घालून दिला. म्हणाली, "आई, खुर्चीतून उठायचं नाही आणि शेजाऱ्यांशी भांडायचं नाही." (मुलीने आईशी बोलायची ही रीत.) खेळ ब्राह्मीच्या शाळेच्या दिवसांतला. रंग मोजकेच, आवाज मोडक्या डोअरबेलसारखा. एक गाव, गावाखाली तळघरांवर तळघरं आणि त्यांत राक्षस, उंदीर, साप. आपण सहा जणांची तुकडी बांधायची आणि खाली उतरायचं. मला आधी वाटलं, हे पोरखेळ आहेत. मग लक्षात आलं की हे अगदी एकत्र कुटुंब चालवण्यासारखं आहे. कुणाला पुढे उभं करायचं, कुणाला मागे ठेवायचं आणि कुणाच्या हातात किल्ल्या द्यायच्या नाहीत, एवढं कळलं की माणूस जगतं.

नवखे लोक (तू आणि लालासाहेब) सहाच्या सहा दांडगे घेतात आणि पहिल्याच वळणावर रक्त थांबवायला कुणी नसतं. माझी तुकडी विचाराने बांधलेली होती. पुढच्या रांगेत जाड चिलखतवाले तिघे. त्यांत आमची साळूबाई, जी भांडी घासताना नुसती बघते तरी भाजीवाला भाव उतरवतो. कॉलनीचा वॉचमन सयाजी, जो प्रत्यक्षात झोपतो म्हणून मी त्याला खेळात जागं ठेवलं. आणि तिसरं नाव मी आत्ता घेणार नाही. मागच्या रांगेत नाजूक माणसं : कुलपं उघडायला माझी जाऊ दीपाली (सासूबाईंचं फडताळ तिने किल्लीशिवाय उघडलेलं मी पाहिलं आहे), झोपेचा मंत्र म्हणायला मी आणि जखमा बऱ्या करायला आमचे हे. विजू, लग्नानंतर मी त्यांचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. ते गेल्यावर पहिल्यांदा टाइप केलं. शांतिनाथ. खेळाने लगेच पुढे लिहिलं, "शांतिनाथ तुकडीत सामील झाले." मी उठून चहा करून आले.

आणि आमची शिस्त तुला माहीत होती. आमच्या तुकडीत कुणी कुणाला मारत नाही. राक्षस आला की मी मंत्र म्हणायचा, तो झोपला की सहाही जणांनी चवड्यांवर पुढे सरकायचं. जखमी माणूस घेऊन कधी जिना उतरायचा नाही. विषावरचं औषध जवळ असल्याशिवाय सापाच्या गल्लीत शिरायचं नाही. पेटी दिसली की दीपालीने तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. निम्मी ताकद संपली की घमेंड सोडून वर यायचं. कुणी न मारल्यामुळे आमची प्रगती मुंगीच्या पावलाने होत होती हे खरं. तुझ्या सुनेने, रेश्माने, हाच खेळ सुट्टीत संपवला हे तू तीनदा सांगितलंस. रेश्माची तुकडी रक्तात न्हाऊन निघाली असेल. माझ्या तुकडीला ओरखडा नव्हता.

रविवारी सूर्यास्ताआधी जेवायला म्हणून मी उठले. हे माझं रोजचं आहे, शाळेत असल्यापासूनचं आहे. वसतिगृहात सिस्टर ॲग्नेस मला एकटीला लवकर ताट वाढायच्या आणि तू माझ्या वाटीतली बर्फी पळवायचीस. म्हणजे मी जेवायला उठले की तुझा हात वळवळतो, हे नवीन नाही. तरी जाताना मी बजावलं, "बघ, पण कळ दाबू नकोस." समोर अजगर झोपलेला होता. मीच झोपवला होता. फक्त बाजूने जायचं होतं.

मी भाकरीचा दुसरा तुकडा मोडते तर बाहेरून लालासाहेबांची गर्जना, "घुसा! डाव्या अंगानं घ्या!" मला वाटलं टीव्ही लागला. हात धुऊन बाहेर येते तो काय! लालासाहेब तुझ्या खुर्चीमागे ताठ उभे, आणि तू माझी रांगच्या रांग उलटी केलेली. मी, अंगावर सुती झगा आणि हातात काठी, सगळ्यांच्या पुढे! वॉचमन मागे! मी म्हटलं, "लालासाहेब, हे काय चालवलंय?" तर म्हणतात, "आवं वैनी, मंत्राचा मान मोठा, म्हंजी तुमी अधिकारी. अधिकारी कवा मागं ऱ्हातो व्हय? आमच्या पलटणीत साहेब कायम म्होरं." मी म्हटलं, "आणि झोपलेल्या प्राण्यावर हात उगारायचा?" तर लालासाहेब, "झोपल्यालाच गाठायचा असतोय, वैनी. जागा झाल्यावर तो गाठतोय." आणि तू, जिने माझ्या शेजारी बसून नीतिपाठाला बक्षीस मिळवलं, तू म्हणालीस, "गुणे, लय मजा येतीय बघ, गप."

अजगर तलवारीने जागा झाला. पहिली मी गेले. (स्वतःचं मरण जेवणाच्या ओल्या हातांनी उभं राहून पाहावं लागलं.) मग आमच्या ह्यांनी मला वाचवायला औषध काढायला हात घातला, तर पिशवीत औषध नाही, कारण पेटी न तपासता उघडून झालेल्या जखमांवर तुम्ही ते आधीच वापरून बसलेले. त्याच पेटीत सुकवलेलं मटण निघालं. ते तुम्ही "अंगात बळ येतंय" म्हणून तुकडीत वाटलंत. माझ्या नवऱ्याच्या तोंडी, विजू! ज्या माणसाने जन्मात कांदा खाल्ला नाही! आणि लगेच पुढच्या घासाला अजगराने त्यांना गिळलं. एकदा ते मिरजेच्या दवाखान्यात गेले, तेव्हा मी हात धरून होते. या वेळी दारात उभी होते. मग साळूबाई, मग दीपाली, मग सयाजी. तू मागे वळून म्हणालीस, "अगं, पुन्हा सुरू करता येत असेल की." सकाळी भडंगाचं पाकीट घेतलंत आणि माफीचा एक शब्द न बोलता गाडीत बसलात.

पुन्हा सुरू करता येत नाही. हा जुना खेळ आहे, प्रत्येक पाऊल तिथल्या तिथे कोरून ठेवतो. जो मेला तो मेला. एकच उपाय उरतो : तुकडीतला जो एक जीव वाचला आहे, त्याने पाचही प्रेतं घेऊन जिना गाठायचा आणि वर गावातल्या देवळात पोहोचायचं. तिथे माणसं परत उठवून देतात. पण झोपेचा मंत्र माझ्याबरोबर गेला. आता वाटेत जो येईल त्याला मारल्याशिवाय वर येता येत नाही, आणि मी मारत नाही. म्हणून तीन दिवस पाच माणसं त्या तळघरात पडून आहेत आणि मी त्यांच्याकडे बघत बसले आहे.

तेव्हा मला लेखी माफी हवी आहे. मोबाइलवर हात जोडलेलं चित्र चालणार नाही. तुझ्या हस्ताक्षरात, समासासकट, शाळेत लिहायचीस तशी. मुदत मंगळवार, २६ ऑगस्ट. ही मुदत मी लहरीने घातलेली नाही. २७ला तुमच्याकडे गणपती बसेल, मग तुला मोदकांतून डोकं वर काढता येणार नाही. २८ला आमचं पर्व सुरू होतं, आणि त्याचा पहिला दिवसच उत्तम क्षमेचा असतो. त्या दिवशी मला तुला क्षमा करावीच लागेल, तू मागितलीस किंवा नाही. मला ती फुकट द्यायची नाही.

तुझी (अजून),
गुणमाला

ता. क. : जो एक जीव वाचला, त्याचं नाव वर लिहिलं नव्हतं. पुढच्या रांगेतली ती तिसरी तूच. मीच घातलं होतं तुझं नाव, पहिल्या दिवशी, सगळ्यांच्या आधी. अंगात दोन टक्के प्राण आहे, ढाल फुटली आहे, आणि पाचही जणांना घेऊन त्या गल्लीत तू एकटी उभी आहेस.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवायच्या आधी, नुसतं बघावं म्हणून सकाळी कॉम्प्युटर लावला. मांजराएवढा उंदीर तुझ्या अंगावर आला. विजू, मी दाबली ती कळ. उंदीर मेला. मग दुसरा आला, तोही. मग एक घोरपड होती. खोटा उंदीर, मान्य, पण माझ्या मनातला राग खरा होता, आणि आमच्यात तोच मोजतात. हे दीपालीला कळता कामा नये. लालासाहेबांना तर मुळीच नाही, ते मला सॅल्यूट करतील.

शेवटचं : तू आता जिन्याच्या तोंडाशी आहेस आणि पहिल्या पायरीवर तो अजगर परत झोपला आहे. उंदरापर्यंत ठीक होतं, याला माझ्याने हात लावणार नाही. तेव्हा माफीपत्र टपालाने नको, माझा टपालावर विश्वास नाही. २६ तारखेला संध्याकाळी सहाच्या आत स्वतः घेऊन ये, आणि येताना लालासाहेबांना चष्म्यासकट आण. सहा वाजले की मी जेवायला उठते, खुर्ची रिकामी असते. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेईन आणि मला बाहेरचं काहीही ऐकू येणार नाही.