रंभेचा पान्हा आणि उरलेला माग

प्रिय स्वरूपा,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल शनिवारी पोचलं. बदामाची पुडी, तुझ्या आप्पांचा लोकरी बनियन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि ते झोपेचं यंत्र, सगळं नीट आहे, काही फुटलं नाही. यंत्राच्या खोक्यावर अठराशे पन्नास छापलंय. आप्पांच्या नजरेला पडू नये म्हणून मी ते शाईनं खोडलं होतं, पण त्यांनी खोकं उजेडात धरून वाचलंच. एक कळ दाबली की पावसाचा आवाज, दुसरी दाबली की समुद्राचा, तिसरीला पंख्याचा. आप्पांनी कानाला लावून बघितलं आणि म्हणाले, तीन माग भंगार बिडाच्या भावानं घालवलं आन आता आवाज इकत आणलाय व्हय गं? रागानं नाही म्हणाले. थोडे हसलेच. पाडव्यानंतर हसले असतील तर तेवढेच. यंत्र देवघराच्या कपाटात ठेवलंय. दुकानदार परत घेत असला तर कळव.

घरचं काय लिहू. वडगावात अजून सगळीकडे माग चालतात, पण आपल्या भिंतीच्या आत शांत झालंय. लग्न होऊन या घरी आले तेव्हा पहिले काही दिवस मला त्या खडखडाटात जेवणसुद्धा गिळवत नव्हतं. पुढं सवय कधी झाली ते कळलं नाही. तू तर पाळण्यात मागाच्या ठेक्यावरच झोपायचीस. वीज गेली आणि माग थांबले की जागी होऊन रडायचीस, मग आजी पाट आपटत बसायची. आता कुकरची शिट्टी झाली तरी मला दचकायला होतं. नामस्मरणाला बसले तर माळ तशीच हातात राहते आणि मन मागाच्या खोलीत जाऊन बसतं. थकवा म्हणावा तर काम कमीच झालंय.

रंभेचं तुला फोनवर सांगितलं नव्हतं. तुझा फोन आला की आप्पा समोर बसलेले असतात. त्यांना ऐकू येत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून सगळं ओळखतात. तर आपली म्हैस दूध देईना झालीय. तिचा गोठा मागाच्या खोलीला लागून, भिंत एकच. ती त्याच गोठ्यात जन्मली, त्याच खुंट्याला वाढली. मागांचा हादरा भिंतीतून खुंट्याला आणि खुंट्यातून तिच्या अंगाला लागायचा. मी बादली घेऊन बसले की पलीकडे आडवा धागा घेऊन धोटा पळतोय आणि इकडे ही डोळे मिटून रवंथ करतेय. माग गेले आणि तिनं पान्हा चोरायला सुरुवात केली. सडाला हात लावला की लाथ. भांडं पडलं की कान टवकारून उभी. ढोरांचा डॉक्टर आला, तपासून म्हणाला, आजार काही नाही, घाबरलीय. सरकी पेंड वाढवली, दृष्ट काढली, मंगाईला ओटी बोलले. काही उपयोग नाही. पायलीभर खाणार आणि चहापुरतं देणार. आप्पा म्हणाले, विकून टाकूया.

तेव्हा मला तुझी पाडव्याची गोष्ट आठवली. कट्ट्यावर आपण शेंगा फोडत बसलो होतो आणि तू तुझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचं सांगत होतीस. तुझे ते रिसेप्टर मी माझ्या पद्धतीनं लक्षात ठेवलेत. मेंदूत बारीक बारीक खुंट्या असतात. भीती वाटली की अंगात एक रस सुटतो, तो रक्तातून फिरत फिरत जाऊन त्या खुंट्यांना अडकतो. खुंट्या भरपूर असल्या की मेंदूला कळतं, रस पुरे झाला, आता थांबवा. मग जनावर शांत होतं. खुंट्या कमी असल्या तर रस थांबत नाही, जनावर बावरलेलंच राहतं. ज्या पिलांना आईनं लहानपणी चाटून चाटून वाढवलं त्यांच्या खुंट्या जास्त, असंही तू म्हणालीस. मला ते फार पटलं. तुला मी किती चाटलं असेन, असं म्हणाले तर तू हसलीस.

त्याच संध्याकाळी तू आप्पांचा रक्तदाब मोजलास, मोबाईलवर मागांचा आवाज मोजलास आणि घाबरलीस. वर्षानुवर्षं असा मारा झाला तर खुंट्या झिजतात, कान तर गेलेच, आता हृदय जाईल, असं ओरडून सांगितलंस त्यांना. माग बंद करा नाहीतर मी या घरात पाऊल टाकणार नाही, असंही म्हणालीस. तू चुकलीस असं मला म्हणायचं नाही. इथले डॉक्टरही तेच म्हणत होते, आम्हीच कानाआड करत होतो. बापाच्या काळजीनं बोललीस. आप्पांनी महिन्याच्या आत तीन माग उद्यमबागच्या लोखंडाच्या भट्टीला मोडीत दिले. कुणी विचारलं की सांगतात, आमच्या पोरीनं उंदरांवर बघून सांगितलंय. त्यात त्यांना अभिमानच वाटतो.

पण झोप गेली ती गेलीच. गोळ्या घेतात, रक्तदाब थोडा उतरलाय, ते तुला बरं वाटेल म्हणून लिहिते. पण जेवण निम्म्यावर आलंय आणि बोलणं त्याहून कमी. दार वाजलं की रंभेसारखे उभे राहतात.

मागच्या सोमवारी मी एक करून बघितलं. मागच्या गल्लीतल्या गंगव्वाच्या घरी अजून माग चालतात, तिच्या परसात रंभेला नेऊन बांधलं. भिंतीपलीकडे तिच्या आण्णाप्पाचे माग चालू. रंभेनं दोनदा मान हलवली, भिंतीला अंग घासलं आणि थोड्या वेळानं असा पान्हा सोडला की मला बादली बदलावी लागली. मी आनंदानं आप्पांना बोलवायला वळले, तर ते माझ्या मागोमाग आलेच होते. पेंडीच्या पोत्यावर बसले होते, पाठ त्याच भिंतीला टेकवून. आणि गाढ झोपले होते, स्वरूपा. भर दुपारी, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. त्यांना ऐकू कुठं येतं. पण हादरा पाठीतून येत होता.

मी त्यांना उठवलं नाही. गंगव्वा पाणी घेऊन आली आणि बघून म्हणाली, अय्य दुर्गाक्का, म्हशीसंगं मालकालाबी बांधायला आणलीस की गं. तिच्या मनात काही नव्हतं, थट्टाच ती. मीही हसले. पण आप्पा तेवढ्यात जागे झाले होते आणि तिच्या ओठांवरून त्यांना कळलं. टोपी झटकून उठले आणि निघून गेले. रंभा अजून तिथंच आहे, दोन्ही वेळ दूध देतेय. आप्पा त्या गल्लीतून जातसुद्धा नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. चौथा माग अजून खोलीत आहे. त्याच्यावर उभ्या धाग्यांचा ताणा चढवलेला आहे, निम्मी साडी विणून झालेली, निम्मी बाकी. आपल्यात चढवलेला ताणा कापत नाहीत. संपत आला की नव्याचे धागे जुन्याला गाठी मारून जोडायचे, तुझ्या आजोबांपासून तसंच चालत आलंय. म्हणून तो माग तेव्हा गेला नाही. विणून संपवा आणि मग द्या, असं मी म्हणाले, तर आप्पा म्हणतात, पोरीला शब्द दिलाय, आता एक धोटासुद्धा टाकायचा न्हाय. मंगाईची यात्रा झाली की भट्टीचा टेंपो येणार. काल त्यांनी माझ्याकडे कात्री मागितली. मी म्हटलं, कुठं ठेवली आठवत नाही.

तूच सांग बाई, तू शिकलेली आहेस. आवाजातच ज्याच्या खुंट्या घडल्या, त्याला एकदम शांततेत आणून बांधलं तर त्याचा मेंदू कुणाला घाबरतो? सगळे माग परत आण, असं मी म्हणत नाही. एकच, दिवसा दोन तास, कानाला तू म्हणशील ते लावून, गोळ्या चालू ठेवून. हे मी सांगून होत नाही. माझं ते ऐकणार नाहीत आणि तुझा शब्द ते मोडणार नाहीत. त्या शब्दातून त्यांना तुलाच सोडवायला पाहिजे. फोनवर त्यांना ऐकू येत नाही आणि मी सांगितलं तर म्हणतील, तुझ्या मनाचं सांगतीस. म्हणून पत्र त्यांच्या नावानं लिही, मोठ्या अक्षरात, तुझ्या हातानं. मी लिहिल्याचं त्यात येऊ देऊ नकोस. साडी पुरी करून मला पाठवा, एवढं लिहिलंस तरी चालेल.

यात्रेच्या आधी पोचेल असं उलट टपाली टाक. तोवर कात्री तांदळाच्या डब्यात आहे.

तुझीच,
आई