शिडीचा गुडघा

सोमवार, २ फेब्रुवारी

शिडी आज पुन्हा लंगडली.

"काही नाही बाबा, जरा मुरगळलाय." मुरगळला की माणूस घोटा धरतो. मी नेटची दोरी सोडायला पाठ फिरवली आणि ही बया गुडघ्याच्या खाली हात दाबून उभी! खिडकीच्या काचेत स्पष्ट दिसली. मी वळलो तर हात पाठीमागे, चेहरा साळसूद.

तेरा वर्षांची पोर. वर्षभरात अशी काही ताडमाड वाढली आहे की आमच्या हिने घेतलेली पँट बघता बघता नडगीवर येते. शिडी हे नाव खेळाच्या हॉलवरच्या पोरांनी ठेवलं, आता घरातही तेच. महिनाअखेर व्हॉलीबॉलच्या मोठ्या संघाची निवड आहे. म्हणूनच बोलत नसणार. मीही फार खोदून विचारलं नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

ही बेकरीत पाव भरायला भल्या सकाळी निघते. ती गेली की आम्ही बापलेक हॉलवर. हॉलची देखभाल माझ्याकडे, हॉलच्या मागच्या दोन खोल्या आमच्या. बाहेरच्या पोरांना जागा मिळावी म्हणून ताटकळावं लागतं, आमच्या पोरीला मात्र अख्खा हॉल — रिकामा, पुसलेला, सगळे दिवे लावलेला. माझ्याकडे तिला द्यायला दुसरं आहे काय? किल्ल्या आहेत, त्या दिल्या.

खांब ओढायचे, नेट ताणायचं, मी स्टुलावर उभं राहून चेंडू वर धरायचा, तिने धावत येऊन, उडी मारून टोला हाणायचा. शाळेचा खेळ वेगळा, संध्याकाळी कोचबाईंकडे वेगळा. हे आपलं घरचं.

आज निम्म्यातच थांबली. पाणी पिऊन येते म्हणून गेली, ती बराच वेळ आली नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

गॅलरीच्या पायऱ्या उतरताना कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पाऊल. माझी आई उतारवयात अशी उतरायची.

रविवार, ८ फेब्रुवारी

हिला आज सुट्टी. "आण इकडे पाय, तेल लावून चोळून देते." शिडीने पाय पुढे केला, हिने अंगठा दाबला आणि पोर कळवळून मागे सरली. डोळ्यांत पाणी.

मग मी वाकून बघितलं. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगी सुरू होते तिथे, टेंगूळ. अर्ध्या लिंबाएवढं. मऊ असतं तर बरं वाटलं असतं. कडक आहे, हाडासारखं.

"कुठे आपटलीस?" ही विचारत होती.

"कुठेच नाही. आपोआप आलंय."

मी उठलो आणि हॉल पुसायला गेलो. सकाळीच पुसला होता.

लिहून टाकतो, नाहीतर जीव थाऱ्यावर यायचा नाही. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, असंच झालं होतं. शिडीपेक्षा जरा मोठा होता. गुडघ्यापाशीच गाठ. आधी लचक म्हणाले, मग वात म्हणाले, मग पाय काढला. आणि मग दादाही गेला. हिला एवढंच माहीत आहे की माझा एक भाऊ लहानपणी वारला. कशाने, ते मी कधी सांगितलं नाही.

देवा, पोरीचा पाय राहू दे. निवड-बिवड गेली खड्ड्यात.

मंगळवार, १० फेब्रुवारी

उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे. घशाखाली घास उतरत नाही. ही म्हणते, "गुडघा तिचा दुखतोय, तोंड तुमचं का सुतकी?"

बुधवार, ११ फेब्रुवारी

ते नाही! ते नाही, ते नाही. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, पायात खेळाचे बूट. मला वाटलं, या बाईंना काय कळणार. शिडीला टेबलावर बसवलं आणि माझ्याशी नाही, तिच्याशीच बोलायला लागल्या.

"केव्हा दुखतं?"

"उडी मारून खाली आले की. पायऱ्यांवर. गुडघे टेकले तर मग विचारूच नका."

"रात्री झोपमोड होते दुखण्याने?"

"नाही."

"नुसती पडून राहिलीस तर?"

"तेव्हा काहीच नाही."

मी एकेक उत्तर ताडून बघत होतो. दादा रात्र रात्र कण्हायचा. मी शेजारच्या अंथरुणात कानांवर उशी दाबून पडायचो.

गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढायला मायलेकी पलीकडच्या खोलीत गेल्या तसा मी मागे राहिलो. डॉक्टरांना दादाचं सांगायला लागलो, पण दोन वाक्यांनंतर टेबलावरचे कागद सरळ करत बसलो. त्यांनी घाई केली नाही. म्हणाल्या, "सांगितलंत ते फार बरं झालं. फोटो मी दोनदा बघेन. पण हिचं दुखणं तसं दिसत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

फोटो आला. त्यांनी खरंच दोनदा बघितला. मी फोटोकडे बघतच नव्हतो, त्यांच्या भुवयांकडे बघत होतो.

"हाड स्वच्छ आहे," म्हणाल्या. मग पेन्सिल घेऊन दाखवलं. पोरीचं हाड भराभर वाढतंय, मांडीचा स्नायू मागे पडलाय. त्या स्नायूचा पट्टा गुडघ्याच्या वाटीवरून खाली येतो आणि नडगीला धरतो. तिथलं हाड या वयात कोवळं असतं. दर उडीला पट्टा त्याच जागेला ओढतो. ओढून ओढून ती जागा सुजते, जराशी वर येते. वाढत्या वयाच्या, खेळणाऱ्या पोरांमध्ये असे गुडघे त्या सारखे बघतात.

"म्हणजे ते नाही?" मी विचारलं.

"ते नाही."

"ते म्हणजे काय?" ही माझ्याकडे बघायला लागली. घरी सांगतो म्हटलं आणि रडलो. सरळ रडलो, डॉक्टरांसमोर, पोरीसमोर. शिडीने तिच्या खिशातला रुमाल पुढे केला. घामाचा वास येत होता त्याला. त्यातच नाक शिंकरलं.

पुढे जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण आज लाजही गोड आहे. डॉक्टरांनी विचारलं, "खेळते किती?"

मी ऐटीत म्हटलं, "कोचबाईंकडे जाते, आठवड्यातून तीन संध्याकाळी."

"आणि शाळेत," ही म्हणाली.

"आणि सकाळी," शिडी म्हणाली. हळूच.

"सकाळी कुठे?"

"बाबांबरोबर. हॉलवर. रोज."

"अहो, ते खेळणं थोडंच," मी म्हटलं. "ते आपलं घरच्या घरी!"

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "गुडघ्याला घरचं-बाहेरचं कळत नाही हो," म्हणाल्या.

आता काही आठवडे उड्या बंद. धावणं, उकिडवं बसणंही बंद. चालायला हरकत नाही. दुखलं की बर्फ, फडक्यात गुंडाळून. मांडी ताणायचे साधे व्यायाम करून दाखवले. तेल चोळणं बंद, यावर ही ओशाळली. टेंगूळ कदाचित तसंच राहील, पण दुखणं जाईल. पोरीची वाढ पुरी होईपर्यंत मधूनमधून कुरकुर होईल, तेव्हा दुखायला लागलं की थांबायचं. बस, एवढंच. मी किती मोठ्या अक्षरांत लिहू, एवढंच!

गुरुवार, १२ फेब्रुवारी

हिला दादाचं सगळं सांगितलं. आधी चिडली. "इतके दिवस एकट्याने गिळून बसलात? मी काय परकी आहे?" मग स्वतःच्या ताटातलं माझ्या ताटात वाढलं. आज पोटभर जेवलो.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

कोचबाई हॉलवर आल्या तेव्हा मी मुद्दाम सामानाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत बसलो होतो. तिथे येऊन गाठलं.

"काका, तिला जादा ताण नको म्हणून मी एकाआड एक दिवस सुट्टी देत होते."

"हो, चांगलं करत होतात."

"आणि त्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही काय करत होतात?"

चेंडूला पंप मारत राहिलो. कळलंच होतं त्यांना. सुट्टीचे दिवस बघूनच मी जास्त घ्यायचो, पोरगी ताजीतवानी आहे म्हणून! शाळेच्या पी.टी. मास्तरांना आमचं माहीत नाही, कोचबाईंना मास्तरांचं माहीत नाही, आणि मला सगळ्यांचं माहीत असून मी स्वतःचं धरलंच नव्हतं. एका गुडघ्याचे तीन मालक, आणि प्रत्येकजण म्हणतोय माझं काम हलकं.

"निवडीला बसवता येणार नाही तिला यंदा," जाताना म्हणाल्या. मग थांबून, "माझ्याकडून काढणार नाहीये हां. येऊ दे तिला. उभ्याने सर्व्हिस करेल, पाय न उचलता." मी मान डोलावली. चेंडूत एवढी हवा भरली होती की दगड झाला होता.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

शिडीला वाईट वाटत असणार. पण पोर दाखवत नाही. सकाळी ढाराढूर झोपते, उठून शांतपणे मांडी ताणते, खुर्चीला धरून, एका पायावर बगळ्यासारखी. कुरकुर नाही की काही नाही. मी चोरून तोंड बघतो, रडली-बिडली का म्हणून. मनातल्या मनात कुढत असेल बिचारी.

ही बेकरीत गेली की मी परत आडवा होतो. कंबरेला बरं वाटतंय, खांब ओढावे लागत नाहीत ना. तिच्यासमोर अर्थात बोलत नाही. पोरीचा खेळ बंद पडला म्हणून बापाला सुख झालं, असं व्हायला नको.

शनिवार, २८ फेब्रुवारी

निवड झाली. हॉल माणसांनी गच्च. शिडी बाकावर बसून मैत्रिणींच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती आणि एवढी ओरडत होती की पंचांनी वळून बघितलं. तिची जोडीदारीण निवडली गेली तेव्हा तर ती उठून उडीच मारणार होती! मी लांबून बोट दाखवलं, तशी जागच्या जागी हात हलवले.

सगळे गेल्यावर जमीन पुसताना म्हटलं, "वाईट वाटलं का गं?"

"वाटलं थोडं. पुढच्या वर्षी आहे की. बाबा, तिचं नाव पुकारलं तेव्हा चेहरा बघितलात का तिचा?" आणि चालली नाचत. नाचत म्हणजे चालतच, पण नाचत.

मला वाटलं होतं मी खचेन. नाही खचलो. दोन्ही पायांवर चालत होती, मी तेवढंच बघत होतो. गॅलरीच्या पायऱ्याही सरळ उतरली, कठडा न धरता.

रविवार, २२ मार्च

काल डॉक्टरांनी पुन्हा दाबून बघितलं. शिडीने तोंड वाकडं केलं, पण कळवळली नाही. एका पायावर उडी मारायला लावली. "दुखलं?" "नाही." "खरं सांग." "खरंच नाही."

हळूहळू सुरू करायला हरकत नाही म्हणाल्या. आधी थोडं, दुखलं तर लगेच मागे. मी घाबरत घाबरत विचारलं, "आणि ते सकाळचं?" त्या हसल्या. "अगदी थोडं. कोचबाईंना विचारून, आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी नाही." कोचबाईंनी सोमवारची सकाळ दिली. फक्त सोमवारची.

आज घरात मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, "उद्यापासून आपलं सकाळचं सुरू!" शिडी काहीच बोलली नाही. आनंदाने असेल. गजर लावून ठेवलाय.

सोमवार, २३ मार्च

नेट ताणून, स्टुलावर चढून वाट बघत होतो. शिडी आली ती झोपेच्या कपड्यांत, पायात चपला.

"बाबा, रागावणार नसाल तर सांगते. मला सकाळचं कधीच आवडलं नाही. झोप यायची. पण आई लवकर जाते, तुम्ही एकटेच असता, एवढे जड खांब एकट्याने ओढता. मी आले नसते तर तुम्हाला करमलं नसतं. म्हणून येत होते."

मी स्टुलावरच बसलो. म्हटलं, अगं वेडे, मी तुझ्यासाठी उठत होतो! मला काय हौस होती? दोघंही इतके हसलो की रिकाम्या हॉलभर घुमलं. नेट गुंडाळलं, दिवे घालवले, घरी येऊन झोपलो. ही बेकरीतून आली तेव्हा बापलेक अंथरुणात.

आता शिडी शाळेत गेली आहे. गुडघा एवढा दुखत असतानाही, मला एकटं वाटू नये म्हणून रोज उड्या मारत होती माझी पोर.