वरच्या विहिरीचा काठ

तळेवाडी, ता. मालवण
१८ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप दादास,
जानकीचा साष्टांग... नाही, चुकले. जयभीम! दोन वर्षं झाली तरी हात जुन्याच वळणाने जातो, रागावू नकोस.

गावपळणीचा कौल झाला. पुढच्या गुरुवारी सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर निघेल, ओढ्यापलीकडे झोपड्या घालून राहील. माणूस नाही, गुरं नाहीत, कोंबडंसुद्धा मागे ठेवायचं नाही, देवाचा हुकूम. आपली वाडी बौद्ध झाली तरी निघाली आहे. लवूकाका तर आयेला घोंगडीच्या डोलीतून नेतो म्हणतो. ती अंथरुणावरून उठत नाही, पण ऐकल्यापासून डोळे बघ कसे लकाकतात! म्हणते, वर्षभर खालच्या वाडीत असतो, तीन दिवस तरी गावाबरोबर. काय करू ते लगेच कळव.

तिचा खोकला हटत नाही. आपल्या झऱ्याचं मचूळ पाणी तिला आता गिळवत नाही. वहिनीला विचारलं म्हणून सांग. लोभ आहेच, मुंबईच्या हवेने तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी जानकी

नायगाव, मुंबई
२२ नोव्हेंबर १९५८

चि. जानकीस,
भिकाजीचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. देव सोडला ना आपण? मग त्याचा हुकूम कसला? लवूकाकाला करायचं ते करू दे, आपलं घर हलणार नाही. आये हट्ट करील, रडेल, तू बधू नकोस. मी इथे चारचौघांत भाषणं करतो आणि माझीच आई देवाला भिऊन पळाली, तर तोंड कुठे लपवू?

आणि ऐक, गाव ओस असेल. वरच्या विहिरीचं गोड पाणी काढून आयेला पाज. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा होऊन तीन वर्षं झाली. कोणी अडवलं तर नाव कळव, इथून अर्ज करतो. तब्येतीला जप, आणि भावावर विश्वास असू दे.

तुझा भिकाजी

तळेवाडी
४ डिसेंबर १९५८

दादास जयभीम.

तार पोचली असेल. आये गेली. मला रडू येत नाही.

तू म्हणालास तशा राहिलो. गुरुवारी शेजारची राधाबाई सगळ्यांत शेवटी निघाली, आयेच्या पायांना हात लावून गेली. आयेने तोंड भिंतीकडे केलं. दुपारी मी घागर घेऊन देवळासमोरच्या रस्त्याने वर गेले. लहानपणापासून कोणी घागरीत पाणी ओतेल म्हणून ज्या काठापासून लांब उभी राहिले, त्यावर पाय ठेवला, दोर सोडला, पाणी काढलं. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही रे.

आये घटाघटा प्यायली. गोड आसा म्हणाली. मग खंयचा म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. तशी म्हणाली, गाव येवच्या आधी काठ धुवन ठेव गो बाय. त्यानंतर तिने त्या पाण्याला तोंड लावलं नाही. शनिवारी पहाटे गेली.

ओढ्यापलीकडे लवूकाकाला सांगायला निघाले, पण आधी वर गेले आणि काठ धुतला. आपल्या झऱ्याचं पाणी नेऊन धुतला. तुला राग येईल, येऊ दे. मलाही तुझा येतो, पण नीट येत नाही. आत सगळं बधिर आहे.

कोणी अडवलं तर नाव कळव म्हणाला होतास. अडवायला होतं कोण?

कौल झाला, गाव परत आला. काल रिकामी घागर घेऊन गेले, पुन्हा लांब उभी राहिले, तशीच परतले. एकटीने होत नाही. बाराव्याला ये म्हणत नाही, बारावं आपण करायचं नाही. पाण्याला ये. सकाळी, विहिरीवर सगळा गाव असताना. दोर मी घेते, घागर तू घे.

लोभ राहू दे. नाही राहिला तरी ये.

तुझी जानकी