रामजी मेस्त्रींवरील ठपका काढण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य मैदान अधिकारी,
मध्य मुंबई क्रीडांगण प्रतिष्ठान, परळ.

दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

विषय : कै. रामजी भिकाजी मेस्त्री यांच्यावरील निष्काळजीपणाचा ठपका काढून तो अर्जदाराच्या नावे नोंदवणे व अर्जदाराची सुरक्षा प्रशिक्षक म्हणून झालेली नेमणूक रद्द करणे.

संदर्भ : १) अपघात चौकशी अहवाल, दि. ३ मार्च २०२५. २) नेमणूक आदेश, दि. १६ जून २०२५. ३) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

१. अर्जदार दौलत बाबाजी घाडी, वय ५४, राहणार डिलाईल रोड, हा आपल्याकडे एकोणीस वर्षे गवत कापायचे यंत्र चालवतो. चालकाने वर बसून चालवायची, पोटाखाली पाती असलेली ही लहान गाडीच आहे. रामजी मेस्त्री हे त्याचे जोडीदार. गाडी दौलतने चालवायची. पाती, पेट्रोल, टेम्पोत चढवणे-बांधणे रामजीने पाहायचे, अशी वाटणी होती. राहायलाही दोघे एकाच चाळीत, एकाच मजल्यावर होते.

२. रविवार, दि. ९ फेब्रुवारी रोजी गाडी वडाळ्याच्या मैदानावरून प्रभादेवीला न्यायची होती. टेम्पोत चढवायचा लोखंडी रॅम्प आदल्या दिवशी प्रभादेवीलाच राहिला होता. वडाळ्याला लाकडी फळ्या होत्या, आणि सकाळी गवताला पाणी मारल्याने त्या भिजल्या होत्या. रामजी म्हणाले, "थांब रे मेल्या, फळ्या ओल्या आसत. रॅम्प मागवूया." दुपारी प्रभादेवीला सामना होता. अर्जदार म्हणाला, "तासभर जाईल त्यात. तू मागून जोर लाव, मी चढवतो." हे शब्द अर्जदाराचे आहेत. गाडी चढताना मागे माणूस उभा करायचा नाही, हा नियम अर्जदाराला रामजींनीच शिकवला होता. तरी रामजी मागे जाऊन उभे राहिले, कारण दौलतने सांगितले.

३. गाडी अर्ध्यावर असताना चाक घसरले. अर्जदाराने बाजूला उडी मारली. त्याच्या कोपराला खरचटले. गाडी उलटून रामजींच्या छातीवर गेली. इंजिन चालूच होते. अर्जदार दोन्ही हातांनी गाडी उचलू लागला तेव्हा रामजी म्हणाले, "आधी चावी काढ." अर्जदाराने चावी काढली. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी त्यांचे निधन झाले.

४. चौकशीच्या वेळी पर्यवेक्षक श्री. अजित यांनी विचारले, "तुम्ही त्याला बाजूला हो म्हणालात ना?" अर्जदाराने मान हलवली. तोंडाने तो 'हो' म्हणाला नाही. पण मान हलवली, हे खरे आहे. नोकरी जाईल ही भीती होती. त्या मानेवरून अहवालात लिहिले गेले की, 'चालकाने वारंवार सूचना देऊनही मयत यंत्राच्या मागे उभा राहिला.' वारंवार हा शब्द कुठून आला, अर्जदारास माहीत नाही.

५. त्या एका ओळीमुळे रामजींची मुलगी दर्शना हिचा वडिलांच्या जागी नोकरी मिळण्याचा अर्ज मे महिन्यात फेटाळला गेला. जूनमध्ये अर्जदारास मात्र 'नियमांचे काटेकोर पालन करणारा चालक' म्हणून प्रतिष्ठानच्या तिन्ही मैदानांचा सुरक्षा प्रशिक्षक नेमण्यात आले. अर्जदाराने दोनदा लेखी कळवले की हे चूक आहे. पहिल्या अर्जास उत्तर आले की अहवाल अंतिम झाला आहे. दुसऱ्यास उत्तर आले की सहकाऱ्याच्या निधनाच्या शोकाने कर्मचाऱ्याचे मन अस्थिर झाले असून त्यास समुपदेशनास पाठवावे.

६. दि. १ जुलै रोजी पहिला वर्ग झाला. समोर अकरा कर्मचारी होते. उतरण्यापूर्वी पाती बंद करावीत, चावी काढावी, टेम्पोत गाडी चारही बाजूंनी पट्ट्यांनी आवळावी, इथपर्यंत अर्जदाराने सांगितले. छापील पत्रकातील पुढचा मुद्दा होता : 'चढवताना मागे कोणीही उभे राहू नये. उदाहरण : वडाळा अपघात.' अर्जदारास तो वाचता आला नाही. तो खाली बसला. हजेरीपटात 'प्रशिक्षकाचा घसा बसला' अशी नोंद आहे. घसा बसला नव्हता.

७. सहा महिने रामजींच्या पत्नी अंबिकावहिनी अर्जदारास सांगत आल्या, "भावोजी, तुम्ही जवळ होतात, तेवढंच समाधान." अर्जदाराने त्यांना सांगितले होते की रामजी जागीच गेले, काही बोलले नाहीत. काल रविवारी तो त्यांच्या दारात गेला. वहिनी भाजी निवडत होत्या. त्याने उभ्यानेच वरील सर्व सांगितले. वहिनी म्हणाल्या, "ते चावी काढ म्हणाले, हे तुम्ही मला आज सांगताय?" वहिनींनी आत हाक मारली, "दर्शना, वही आण. ह्यांना धड लिहिता येत नाही. सांगतील तसं लिही." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या भावोजी म्हणाल्या नाहीत.

८. तरी विनंती की, अहवालातील ती ओळ खोडून 'मयताने धोक्याची सूचना दिली, ती चालकाने मानली नाही' असे लिहावे. पत्रकातील उदाहरण काढावे. दर्शनाच्या अर्जाचा फेरविचार व्हावा. अर्जदारास आपणांस योग्य वाटेल ती शिक्षा द्यावी, त्याची कोणतीही हरकत राहणार नाही. तो पुन्हा त्या गाडीवर बसणार नाही. हे मन अस्थिर झाल्याने लिहिलेले नाही. समुपदेशनास पाठवू नये.

आपल्या लेखी निर्णयाची वाट पाहणारा,

(सही)
दौलत बाबाजी घाडी
यंत्रचालक

सोबत : १) चौकशी अहवालाची प्रत. २) नेमणूक आदेश, मूळ प्रत, परत.

हा अर्ज श्री. घाडी यांनी सांगितला तसा मी लिहिला आहे. एकही शब्द गाळलेला नाही.

दर्शना रामजी मेस्त्री